सात आणि बारा : अलिबागच्या जमिनीचा भाव

अलिबाग हे नावच मुळात एका मालमत्तेचे आहे. अली नावाच्या कोणा धनिकाने येथे विहिरी खणल्या, बागा लावल्या आणि गाव त्या बागांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरने या अलीला मुसलमान म्हटले आहे. बेने इस्रायली समाजाच्या परंपरेत तो त्यांच्यापैकीच एक आहे. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात कुलाबा किल्ल्याच्या समोरचे हे गाव भरभराटीला आले. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले आणि नंतर कुलाबा जिल्ह्याचे ठाणे म्हणून येथे कचेऱ्या, कोर्ट आणि वकील आले. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले, मुख्यालय मात्र अलिबागच राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार नगरपालिका हद्दीत वीस हजारांच्या आसपास लोक राहतात. एवढ्याशा गावाच्या भोवतालच्या जमिनीचे व्यवहार मुंबईच्या वृत्तपत्रांत मथळ्यांनी छापून येतात.

या जमिनीचे माप गुंठा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, पण बोलण्यात आणि सौद्यात भाव गुंठ्याचाच निघतो. हा भाव तीन गोष्टींवर ठरतो : मुंबईहून पोहोचायला लागणारा वेळ, कागदांची स्वच्छता आणि भरतीरेषेपासूनचे अंतर. जमीन किती पिकते, हा प्रश्न त्यात शेवटी येतो. बहुधा येतच नाही.

चार पट्टे, चार भाव

अलिबाग तालुका एकसंध नाही. उत्तरेला रेवस, मांडवा, सासवणे, आवास, किहीम, झिराड आणि थळ हा पट्टा आहे. मांडव्याच्या जेट्टीमुळे तो मुंबईला सर्वांत जवळचा, म्हणून सर्वांत महाग. बंगले, शेतघरे आणि प्लॉटचे प्रकल्प यांची दाटी येथेच आहे. मधला पट्टा अलिबाग शहर आणि त्याला लागून वाढलेल्या वरसोली, चेंढरे, कुरुळ या गावांचा. येथे जमिनीपेक्षा फ्लॅटचा बाजार मोठा. दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही वाड्यांची गावे. पूर्वेला, कनकेश्वर आणि सागरगडाच्या डोंगरांपलीकडे, धरमतर खाडीपर्यंत खारेपाट पसरला आहे.

दक्षिणेकडच्या वाडीची रचना पाहिली की तिच्या भावाचे कोडे उलगडते. रस्त्याला तोंड करून घर, घरामागे विहीर, पूर्वी तिच्यावर रहाट आणि आता पंप. विहिरीपासून पाटाने पाणी जाते ते नारळ-सुपारीला. सुपारीवर मिरीचे वेल, मधे एखादे जायफळ. त्यापुढे सुरूची झाडे आणि मग पुळण. अशा वाड्या एकीला एक लागून, रस्त्यापासून समुद्राकडे लांबट पट्ट्यांसारख्या गेलेल्या असतात. भावाभावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला रस्ता, विहिरीचे पाणी आणि समुद्राकडची बाजू मिळावी म्हणून पट्टा लांबीत कापला जातो. दोन-तीन पिढ्यांत त्याची रुंदी एका घराला जेमतेम पुरेल इतकी उरते. दलालाच्या भाषेत हा तुकडा एकाच वेळी ‘रोड टच’ आणि ‘सी टच’ असतो, म्हणून भाव चढा. पण चार भावांनी मिळून विकल्याशिवाय तो कामाचा नाही. एका भावाची सही अडली की चौघांचाही सौदा अडतो.

खारेपाटातले चित्र अगदी वेगळे. येथली भातशेती समुद्राच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली आहे. बांधाला उघाड्या असतात; ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला झडप मिटते. बांधाला खांड गेली की खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे शेत नापीक होते. शेतालगतच्या तळ्यांत जिताडा मासा वाढवण्याची येथली जुनी रीत आहे. कारखान्यांच्या आणि वीजप्रकल्पांच्या भूसंपादनाचे प्रस्ताव याच पट्ट्यात आले, कारण सपाट, सलग आणि स्वस्त जमीन येथेच होती. किनाऱ्यावर गुंठ्याने मोजली जाणारी जमीन खारेपाटात एकराने मोजली जाते.

मुंबईचे अंतर

मुंबईतून काहीतरी उठून अलिबागला येण्याची रीत बंगल्यांच्याही आधीची आहे. मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, कारण मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार होत्या आणि त्यांचा चुंबकीय नोंदींना उपद्रव झाला असता. अलिबाग मुंबईपासून पुरेसे जवळ आणि मुंबईच्या गडबडीपासून पुरेसे दूर होते. जागा खरेदी करणाऱ्यांचे आजचे गणितही हेच आहे.

नकाशावर गेटवे ते मांडवा हे अंतर समुद्रमार्गे सुमारे २० किलोमीटर आहे. रस्त्याने पनवेल, पेण आणि वडखळ असा वळसा घालून अलिबागला यायला मुंबईहून शंभरेक किलोमीटर पडतात. प्रवासी रेल्वे पेणपर्यंतच. थळच्या खत कारखान्यासाठी टाकलेला फाटा मालगाड्यांसाठी आहे. त्यामुळे अलिबागची जवळीक नेहमीच बोटीवर अवलंबून राहिली. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाँच गावकऱ्यांची आणि चाकरमान्यांची. गेटवेहून मांडव्याला कॅटामरान आली आणि तासाभरात मुंबई गाठता येऊ लागली, तेव्हा उत्तरेच्या पट्ट्याला बंगल्यांचे दिवस आले. पण पावसाळ्याचे सुमारे तीन महिने ही सेवा बंद असते. वर्षातले तीन महिने दूर होणारे गाव सुट्टीच्या घरासाठी चालते, कायमच्या घरासाठी चालत नाही.

हा अडसर दोन टप्प्यांत कमी झाला. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. टाळेबंदीत ती लगेच थांबली आणि त्याच वर्षी पुन्हा चालू झाली. मोटारीसकट बोटीत चढता येते आणि हवामान बरे असेल तर पावसाळ्यातही ती चालते. महासाथीच्या काळात घरून काम करण्याची सवय लागलेल्या वर्गाला ही सोय नेमकी त्याच वेळी मिळाली. मग १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. नवी मुंबईतली कोंडी टाळून मोटार थेट उरण-पनवेलच्या बाजूला उतरू लागली.

पूल पुरा होण्याची वाट जमिनीचा भाव पाहत नाही. प्रकल्प जाहीर झाला, निविदा निघाली, पहिला खांब दिसला, उद्घाटन झाले. प्रत्येक पायरीवर भाव थोडा चढतो. उद्घाटनाच्या दिवशी विकत घेणाऱ्याने पुलाची किंमत आधीच मोजलेली असते. उलट, रखडलेल्या प्रकल्पात गुंतलेला पैसा वर्षानुवर्षे अडकतो. धरमतर खाडीवरचा रेवस–करंजा पूल याचे ठळक उदाहरण. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या आरंभी, या पुलाची कल्पना पुढे आली. त्यानंतर चार दशके ‘पूल होणार’ या वाक्यावर रेवस-मांडव्याच्या जमिनी विकल्या आणि घेतल्या गेल्या.

सातबारा वाचण्याची रीत

दोन शेजारी तुकडे, दोन्हीकडून समुद्र सारख्याच अंतरावर, तरी भावात दुपटीचा फरक : असे दिसले की कारण बहुतेक कागदात सापडते. सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोडउतारा. सातमध्ये जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती आणि तिच्यावर इतरांचे हक्क काय, हे असते. बारामध्ये पीक कोणते, हे असते. खरेदीदाराचा वकील सात वाचतो. बारावर त्याची नजर क्वचित जाते.

सातमध्ये पहिला प्रश्न भोगवट्याचा. वर्ग एकची जमीन मालकाला सर्वसाधारणपणे विकता येते. वर्ग दोनची, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली किंवा नियंत्रित सत्तेची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. दुसरा प्रश्न कुळाचा, आणि तो अलिबाग तालुक्यात विशेष महत्त्वाचा आहे. येथे खोती, म्हणजे खोतांमार्फत सारावसुलीची पद्धत, होती. खोतांच्या जुलमाविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ पासून चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. शेते न कसण्याचा हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, कुळाने ती भरायची आणि त्याला कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे, अशी ती व्यवस्था.

या लढ्याच्या खुणा आजच्या सौद्यात जागोजागी निघतात. कुणाच्या उताऱ्यावर इतर हक्कात जुन्या कुळाचे नाव तसेच राहिलेले असते. कुणी किंमत भरली, पण प्रमाणपत्र घेतले नाही. कुणाकडे प्रमाणपत्र आहे, पण कलम ४३ चा शेरा उतरलेला नाही, म्हणजे विक्रीला परवानगी लागते. २०१४ च्या दुरुस्तीने यात एक मोठी सोय केली. प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून परवानगीच्या फेऱ्याशिवाय विक्री करता येते. आकार म्हणजे जमिनीचा जुना सारा. तो पाच रुपये असेल तर भरायची रक्कम दोनशे रुपये. या दोनशे रुपयांच्या चलनाने तुकड्याचा भाव लाखांनी बदलतो.

तिसरा प्रश्न वारसांचा. आजोबांच्या नावाची जमीन, त्यांची पाच मुले, त्यांतली दोन गिरगावात आणि लालबागला जाऊन स्थायिक झालेली, मुली आपापल्या सासरी. फेरफार वेळेवर नोंदला नसेल तर उताऱ्यावर मृतांची नावे राहतात. नोंदला असेल तर नावांची रांग वीस-तीसपर्यंत जाते. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाल्यापासून बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र नसलेला सौदा कोणी शहाणा वकील पुढे जाऊ देत नाही. बेने इस्रायली कुटुंबांतली पुष्कळ माणसे इस्राएलला गेली; अशा घरांच्या वारसांचा शोध समुद्रापार न्यावा लागतो.

चौथा प्रश्न खरेदीदाराचा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून शेतकरी असल्याचा पुरावा ही खरेदीची पहिली अट ठरते आणि तो पुरावा खोटा निघाला तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही. यातून पळवाट म्हणून काही जण मिळून एकाच सातबाऱ्यावर नावे लावतात आणि आपापला कोपरा तोंडी ठरवून घेतात. कागदावर मात्र प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त असतो. एकाला विकायचे झाले की बाकीच्यांची गाठ पडते.

सौद्याची वाट ठरलेली आहे. विसार दिला जातो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, वकील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतो, भूमी अभिलेख खात्याची मोजणी होऊन हद्दी कायम होतात. मग साठेखत, खरेदीखत, दुय्यम निबंधकाकडे दस्तनोंदणी आणि शेवटी तलाठ्याकडे फेरफार. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते. वर्षानुवर्षे गप्प असलेला चुलतभाऊ याच पंधरा दिवसांत जागा होतो.

भरतीरेषा

जमिनीचा कागद स्वच्छ असला तरी तिच्यावर घर बांधता येईलच असे नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड, ठरवला. त्यानंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. शहरी, आधीच बांधकाम झालेला भाग दुसऱ्या वर्गात मोडतो; तेथे समुद्राकडच्या बाजूला असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या आतल्या अंगाला इमारत बांधता येते. ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात. तेथे भरतीरेषेपासून २०० मीटर विकासाला मज्जाव. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या दाट गावांसाठी हा मज्जाव, किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर, ५० मीटरवर आणला; विरळ वस्तीच्या गावांत तो २०० मीटरच राहिला. खाड्यांच्या काठीही असेच पट्टे आहेत. खारफुटीला तर न्यायालयाचेच संरक्षण आहे : मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार तिच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही.

याचा भावावर उलटा-सुलटा परिणाम होतो. लाटांना लागून असलेल्या मोकळ्या तुकड्यावर कायद्याने नारळ लावता येतात, घर नाही. म्हणजे तो स्वस्त असायला हवा. पण समुद्राकडे जाणारी वाट आणि न अडणारा देखावा यासाठी मागच्या जमिनीचा मालक पुढचा तुकडाही घेतो, आणि दोन्ही मिळून भाव चढतो. सगळ्यांत मोलाचे ठरते ते मज्जाव क्षेत्रातले जुने घर. अधिकृत जुन्या घराची त्याच जोत्यावर दुरुस्ती करता येते. म्हणून १९९१ पूर्वीचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा हा कागद स्वतःच एक मालमत्ता आहे. गळकी कौले, वाळवीने पोखरलेले वासे, तरी उतारा जुना असेल तर त्या पडक्या घराला शेजारच्या मोकळ्या जमिनीपेक्षा गिऱ्हाईक लवकर मिळते.

नियम मोडून उभ्या राहिलेल्या बंगल्यांचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्यातला सर्वांत गाजलेला बंगला किहीमचा, हिरे व्यापारी नीरव मोदीचा, सुमारे ३३ हजार चौरस फुटांचा. यंत्रांना न आटोपलेले ते काँक्रीट ८ मार्च २०१९ रोजी नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आले. त्या दिवसानंतर किनाऱ्यावरच्या बंगल्यांच्या खरेदीत परवानगीचे कागद आधी आणि देखावा नंतर, असा क्रम काही काळ तरी लागला.

सरकारी भाव, बाजारभाव आणि कर

प्रत्येक गावाचा आणि विभागाचा सरकारी भाव वार्षिक मूल्यदर तक्त्यात छापलेला असतो. बोलण्यात त्याला रेडी रेकनर म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर त्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. मुद्रांक शुल्क सरकारी भाव आणि दस्तातली किंमत यांपैकी जे जास्त असेल त्यावर घेतले जाते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण ३० हजार रुपयांपेक्षा जास्त नाही. त्यामुळे वीस कोटींच्या सौद्याची नोंदणी फी तीस लाखांच्या सौद्याइतकीच. आयकर खातेही सरकारी भाव पाहते. तो दस्तातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर कर सरकारी भावावर लागतो. ‘एक नंबर’ आणि ‘दोन नंबर’ अशी किमतीची जुनी विभागणी यामुळे आक्रसली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक रेषा महत्त्वाची. दहा हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपर्यंतची शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता ठरते. तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर बसतो. त्यापलीकडच्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफा कर नाही. अलिबाग नगरपालिका याच लोकवस्तीच्या गटात येते. म्हणून शहराला खेटून असलेल्या गावातल्या विक्रेत्याला कर भरावा लागतो आणि किहीमच्या शेतकऱ्याला, जमीन खरोखर शेतीची असेल तर, तो लागत नाही.

गुंठ्याचे गणित

प्रत्यक्ष भाव किती, हे प्रसिद्ध झालेल्या दोन व्यवहारांवरून कळते. २०२२ मध्ये क्रिकेटपटू विराट कोहली आणि अभिनेत्री अनुष्का शर्मा यांनी झिराडजवळ सुमारे आठ एकर जमीन १९.२४ कोटी रुपयांना घेतल्याचे आणि १.१५ कोटी रुपये मुद्रांक शुल्क भरल्याचे वृत्त आले. हिशेब केला तर एकर सुमारे २.४ कोटींना आणि गुंठा सुमारे सहा लाखांना पडला. चौरस फूट साडेपाचशे रुपयांच्या आसपास. एप्रिल २०२४ मध्ये अमिताभ बच्चन यांनी अलिबागच्या एका प्लॉट प्रकल्पात सुमारे दहा हजार चौरस फुटांचा प्लॉट जवळपास दहा कोटींना घेतल्याचे वृत्त होते. म्हणजे चौरस फूट दहा हजार रुपये आणि गुंठा एक कोटीहून अधिक.

दोन व्यवहारांत अठरा पट अंतर दिसते, पण वस्तूच दोन आहेत. पहिली कच्ची जमीन : मोठा, सलग तुकडा, रस्ता-वीज-पाणी ज्याचे त्याने आणायचे. दुसरा तयार प्लॉट : बिगरशेती परवानगी झालेली, आतले रस्ते, गटारे, पाणी, पहारा आणि क्लब यांसकट. विकासकाला मूळ जमिनीतला मोठा वाटा रस्ते आणि मोकळ्या जागांत सोडावा लागतो, परवानग्यांची वर्षे मोजावी लागतात आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो. मुख्य म्हणजे सातबारा वाचताना पडणारे चारही प्रश्न, भोगवटा, कूळ, वारस आणि शेतकरी दाखला, खरेदीदाराच्या वतीने आधीच सुटलेले असतात. अठरा पटींतला मोठा भाग या निश्चिंतीची किंमत आहे.

आता बारा, म्हणजे पीक. केंद्राने २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला होता. एकरी १५ क्विंटल भात धरला तर वर्षाचे उत्पन्न साडेपस्तीस हजार, तेही खर्च वजा न करता. २.४ कोटींचा एकर भाताने फेडायचा तर पावणेसातशे वर्षे लागतील. भातानंतर अलिबागचा पांढरा कांदा लावला, त्याच्या माळा विणून रस्त्यावर विकल्या, तरी आकड्यांचे शून्य बदलत नाही. तेच पैसे सहा टक्के व्याजाने बँकेत ठेवले तर वर्षाला १४ लाखांहून अधिक येतात. शेतकरी जमीन का विकतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. तो विकत का नाही, याचे उत्तर मात्र आकड्यांत मिळत नाही : सगळी भावंडे एकत्र येत नाहीत, उद्या भाव आणखी चढेल असे वाटते, किंवा जमीन गेली की गावात नाव उरत नाही असे वाटते.

समुद्र घेतो ते

घराच्या किमतीत समुद्र मोजला जातो. घराच्या खर्चात तो क्वचित धरला जातो. खाऱ्या वाऱ्याने लोखंड फुगते, सळ्या गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटतात, बिजागऱ्या आणि वातानुकूलन यंत्रे लवकर निकामी होतात. जुनी घरे जांभ्याची, लाकडी आढ्याची आणि मंगलोरी कौलांची होती, त्यात लोखंड थोडे. काचेच्या आणि काँक्रीटच्या बंगल्याला दरवर्षी हात लावावा लागतो, आणि पावसाळ्यात बंद राहिलेले घर बुरशी धरते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, नारळ-सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. बंगल्याचे छप्पर महिन्याभरात बसते. सुपारीचे नवे झाड फळायला सहा-सात वर्षे घेते. त्या मधल्या वर्षांत उत्पन्न नसलेल्या वाडीचा मालक पडेल भावाने सौद्याला बसतो.

पाणी हा तिसरा खर्च. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर हलके म्हणून तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी मिळते. वरची पातळी थोडी उतरली की खालून खारे पाणी त्याच्या चाळीस पट वर सरकते. रहाटाने उपसा होत होता तोवर हा तोल टिकला. खोल बोअरवेल, हिरवळ आणि पोहण्याचे तलाव आले की तो बिघडतो आणि शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते. बंगल्याला टँकर परवडतो, वाडीला नाही.

राहणाऱ्यांचे घर

तालुक्यात घरांचे दोन बाजार शेजारी-शेजारी चालतात. बंगल्यांचा भाव मुंबईच्या संपत्तीवर चालतो. शहरातला आणि चेंढरे-कुरुळचा फ्लॅट पगारावर चालतो : कचेरीतले कारकून, शिक्षक, खत कारखान्याचे कर्मचारी, निवृत्तीनंतर गावाकडे परतलेले चाकरमानी. पण दोन्ही बाजारांखालची जमीन एकच. बिल्डरला जमीन महाग मिळाली की फ्लॅट महागतो आणि पगार मात्र तोच राहतो. समुद्राकाठच्या गावांत तर रोजच्या भाड्याने दिलेली खोली महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त देते; त्यामुळे बदलून आलेल्या शिक्षकाला भाड्याचे घर किनाऱ्यापासून लांब शोधावे लागते.

वाडी न विकता भाव मिळवण्याची वाट नागाव-वरसोलीच्या लोकांनी यातूनच काढली. घरामागे चार खोल्या बांधल्या, सकाळी घावन किंवा पोहे, दुपारी माशांची थाळी, आणि वाडी पाहुण्यांसाठी मोकळी. मालकी घरात राहते आणि समुद्राचे पैसेही घरात येतात. ज्यांनी विकली, त्यांतल्या काहींना त्याच जमिनीवरच्या बंगल्यात माळी किंवा राखणदार म्हणून काम मिळाले.

कोळीवाड्यांची अडचण वेगळी. तेथे घर पिढ्यान्पिढ्यांचे, पण हातात घरपट्टीच्या पावतीपलीकडे कागद नाही. होड्या ओढायची, जाळी विणायची आणि मासळी सुकवायची पुळण तर कोणाच्याच नावावर नसते. मागच्या जमिनीला कुंपण पडले की किनाऱ्याकडे जाणारी पायवाट बंद होते आणि ती वहिवाटीची होती हे सिद्ध करण्याचा भार कोळ्यांवर येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरांना मिळकतपत्रिका देण्यात येतात. पत्रिका हाती आली की बँकेचे कर्ज मिळते. त्याच पत्रिकेने घर विकणेही सोपे होते.

पुढचा भाव

रेवस–करंजा पूल, किनारी महामार्ग आणि विरार–अलिबाग मार्गिका हे तीन प्रकल्प पुढच्या भावात आधीच मोजले जात आहेत. पूल झाला तर मांडव्याची जेट्टी हाच मुख्य दरवाजा राहणार नाही आणि उत्तरेच्या पट्ट्यातला चढा भाव दक्षिणेच्या वाड्यांकडे सरकेल. मार्गिका पेणच्या बाजूने आली तर स्वस्त समजला गेलेला खारेपाट गुंठ्याच्या हिशेबात येईल, आणि तेथे बांधांची देखभाल कोणी करायची हा प्रश्न उरेल. कारण बांध सामाईक असतो, प्लॉट नाही.

विकल्या गेलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर दोन्ही नमुने आजही एकाखाली एक छापून येतात. सातमध्ये नवे नाव, फेरफाराचा क्रमांक आणि क्षेत्र. बारामध्ये, जेथे पूर्वी भात, वाल आणि पांढरा कांदा लिहिलेला असे, तेथे आता बहुधा एकच शब्द असतो : पड.